व्हीआर नक्की वेगळं कशात? आरसा, फोटो आणि सावनेरची खाण



पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं आणि आता सिनॉप्सिससाठी विषय शोधणं चालू आहे. या टप्प्यावरच्या बऱ्याच जणांच्या कच्च्या आराखड्यात सध्या एक शब्द हमखास दिसतो: व्हर्च्युअल रिॲलिटी. ‘व्हीआरचा अध्यापनातील उपयोग’, ‘व्हीआरद्वारे कौशल्य प्रशिक्षण’ वगैरे. विषय चांगलेच आहेत. पण आरआरसीसमोर बसलात की एक प्रश्न येणारच: “तुमचं हे व्हीआर साध्या व्हिडिओपेक्षा वेगळं कसं?”

यावर साधारण तीन उत्तरं ऐकू येतात. एक, ‘अगदी खरं वाटतं’. दोन, ‘चारही बाजूंनी दिसतं’. तीन, ‘डोक्याला हेडसेट लावावा लागतो’. तिन्ही उत्तरं कमी पडतात. का कमी पडतात हे समजायला इतिहासात जावं लागतं, म्हणून आजचा लेख. आणि उदाहरण आपल्या घराजवळचं घेऊ, सावनेरच्या कोळसा खाणीचं.

खाणच का?

मी मूळची सावनेरची. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणारं हे गाव बाहेरच्यांना संत्र्यांमुळे आणि कापसामुळे माहीत असतं. पण इथे जमिनीखाली वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. गेल्या दशकात वेकोलि आणि एमटीडीसीने मिळून इथे खाण पर्यटनही सुरू केलं, त्यामुळे इको पार्कमुळे तरी तुमच्यापैकी काहींनी हे नाव ऐकलं असेल.

भूमिगत खाणीत काय असतं, थोडक्यात सांगते. कोळशाच्या थरात उभे-आडवे बोगदे काढतात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. त्या खांबांवर वरचं छत उभं असतं. आत दिवस नसतो. मुख्य वाटांवर दिवे असतात, पण कामाच्या जागी उजेड मुख्यतः तुमच्या टोपीवरच्या कॅप लॅम्पचा. म्हणजे तुमची मान जिकडे वळेल तिकडेच दिसतं. जिकडे वळली नाही, तिकडे काळोख.

ही गोष्ट लक्षात ठेवा, लेखाचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे.

भूमिगत कोळसा खाणीत माणसं मरण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे छत कोसळणं. दुसरं, पाणी घुसणं. सावनेरहून पुढे जाणारा रस्ता ज्या छिंदवाडा जिल्ह्यात जातो, तिथल्या न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसून ६३ कामगार गेले. म्हणून खाणीत नव्या माणसाला थेट कामाला लावत नाहीत. १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार आधी प्रशिक्षण द्यावं लागतं. आता प्रश्न असा की हे प्रशिक्षण फिल्म दाखवून द्यायचं, कॉम्प्युटरवरच्या ॲनिमेशनने द्यायचं, की व्हीआरने? आणि तिघांत फरक काय? इथे व्याख्या चुकली तर पेपर परत येतो तेवढ्यावर भागत नाही. ज्याला ‘व्हीआर प्रशिक्षण झालं’ असा शिक्का मिळाला, तो माणूस उद्या त्या छताखाली उभा राहणार असतो.

‘आभासी’ या शब्दाची गडबड

मराठीत आपण व्हर्च्युअल रिॲलिटीला ‘आभासी वास्तव’ म्हणतो. अडचण अशी की आज मराठीत सगळंच ‘आभासी’ झालंय. ऑनलाइन तास म्हणजे आभासी वर्ग, बिटकॉइन म्हणजे आभासी चलन, फेसबुक म्हणजे आभासी जग. पडद्यावर जे जे दिसतं ते आभासी, असा समज त्यातून होतो. मग व्हीआर आणि ॲनिमेशन यांत फरक करायला शब्दच उरत नाही.

पण हाच शब्द आपण शाळेत एका नेमक्या अर्थाने शिकलो आहोत. विज्ञानाच्या पुस्तकातलं प्रकाशाचं प्रकरण आठवा: वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा. सपाट आरशात दिसते ती आभासी प्रतिमा. प्रकाशकिरण प्रत्यक्षात तिथे एकत्र येत नाहीत, पण डोळ्याला तिथून आल्यासारखे वाटतात.

आता एक साधा प्रयोग करा. भिंतीवर एक आरसा आणि शेजारी एक फोटो लावा. फोटोसमोर उभे राहून अर्धं पाऊल डावीकडे सरका. फोटोतल्या दाराआडचं काही नवीन दिसलं का? नाही. आरशासमोर तसंच सरका. मघाशी न दिसणारा कोपरा आता दिसतो. आरशातलं चित्र तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. फोटोतलं चित्र कॅमेरा कुठे उभा होता त्यावर कायमचं ठरलेलं आहे.

याला आपण या लेखापुरती आरशाची कसोटी म्हणू. कुठल्याही माध्यमाला दोन प्रश्न विचारायचे:

१. चित्र आत्ता, या क्षणी तयार होतंय का, की आधीच तयार आहे?
२. माझं डोकं हललं, मी झुकलो, सरकलो, तर त्यानुसार चित्र बदलतं का?

ही कसोटी हातात घेऊन आता इतिहास बघू.

कॉम्प्युटरच्या आधी: वेढा पडला, पण उत्तर मिळालं नाही

‘चारही बाजूंनी दिसतं’ ही गोष्ट व्हीआरपेक्षा खूप जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये पॅनोरमाचं पेटंट घेतलं. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सलग चित्र आणि प्रेक्षक मधोमध. ‘खोली दिसते’ हेही जुनंच. चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप मांडला: दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली तयार करतो. आजच्या हेडसेटमधल्या दोन वेगळ्या चित्रांचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडेही हा शोध चालू होता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली पुराणकथांची चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर मोठी करून दाखवायची, काचा अशा हलवायच्या की चित्रातली पात्रं हलल्यासारखी वाटतील. सोबत निवेदन आणि संगीत. त्यानंतर चारेक वर्षांनी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवल्या गेल्या. गंमत बघा, खरोलिकेत काच हलवणारा माणूस समोरच असायचा. प्रेक्षक रंगले तर तो एखादं दृश्य लांबवू शकायचा. फिल्मच्या रिळाला ते जमत नाही. म्हणजे चित्र जास्त ‘खरं’ झालं आणि प्रेक्षकाला उत्तर देणं मात्र बंद झालं. व्हीआरच्या इतिहासात ही अदलाबदल पुन्हा पुन्हा भेटते.

या वाटेचं टोक म्हणजे अमेरिकेतल्या मॉर्टन हायलिगचं ‘सेन्सोरामा’ यंत्र, पेटंट १९६२. खोकेवजा यंत्रात डोकं घालून बसायचं. समोर त्रिमित फिल्म, कानाला स्टिरिओ आवाज, अंगावर वारा, नाकाला वास, खुर्चीला हादरे. मोटारसायकलवरून शहरात फिरल्याचा अनुभव. बऱ्याच लेखांत याला ‘पहिलं व्हीआर’ म्हटलेलं सापडेल. आपली कसोटी लावा. चित्र आधीच काढलेलं आहे. मान वळवली तर मोटारसायकल वळत नाही. दोन्ही प्रश्नांना ‘नाही’. सेन्सोरामा म्हणजे फार श्रीमंत सिनेमा.

१९६८: चित्र गरीब, पण मानेचं ऐकणारं

कॉम्प्युटर आल्यावर पहिला बदल असा झाला की चित्र जागच्या जागी बदलायला लागलं. १९६२ मध्ये एमआयटीत ‘स्पेसवॉर’ हा गेम तयार झाला. १९६३ मध्ये त्याच संस्थेत आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने ‘स्केचपॅड’ केलं: पडद्यावर लाइट पेनने रेघ ओढायची आणि कॉम्प्युटर ती सरळ करून देणार. हे स्केचपॅड म्हणजे त्याचा पीएचडीचा प्रबंध होता, हे सिनॉप्सिसच्या भीतीत असलेल्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं!

याच सदरलंडने १९६५ मध्ये ‘द अल्टिमेट डिस्प्ले’ हा छोटा निबंध लिहिला आणि १९६८ मध्ये हार्वर्डमध्ये डोक्यावर बसवायचा डिस्प्ले तयार केला. डोळ्यांसमोर दोन छोट्या पिक्चर ट्यूब. डोकं कुठे आहे हे मोजायला छतापासून लोंबणारा यांत्रिक दांडा. दिसायचं काय? रेघांचे घन, रेघांची खोली. रंग नाही, पृष्ठभाग नाही, सावली नाही. पण डोकं हलवलं की रेघांचा तो घन दुसऱ्या बाजूने दिसायचा. दोन्ही प्रश्नांना ‘हो’.

त्या वर्षीचा त्याचा पेपर शक्य झाल्यास मूळ वाचा. त्यात तो स्पष्ट म्हणतो की दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवणं महत्त्वाचं आहे, पण माणूस हलल्यावर चित्र बदलणं त्याहून महत्त्वाचं. म्हणजे ज्या यंत्राला आज आपण व्हीआरचा पूर्वज म्हणतो, त्याच्या कर्त्याच्या लेखी ‘खरं दिसणं’ पहिल्या नंबरावर नव्हतं. म्हणून ‘अगदी खरं वाटतं’ ही व्याख्या होऊ शकत नाही. तसं असतं तर सदरलंडचं यंत्र नापास आणि हॉलिवूडचा सिनेमा पास झाला असता.

दोन वाटा, दोन घड्याळं

यानंतर कॉम्प्युटरवर तयार होणाऱ्या चित्राच्या दोन वाटा झाल्या. फरक आकड्यांत बघा.

१९९५ चा ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण कॉम्प्युटरवर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात सुमारे १ लाख १४ हजार फ्रेम होत्या आणि त्या तयार करायला ८ लाख मशीन-तास लागले. भागाकार केला तर एका फ्रेमला सरासरी सात तास. चालतं, कारण प्रेक्षक नंतर येणार आहे. फ्रेम कुठून दिसायची हे दिग्दर्शकाने ठरवून टाकलंय.

आता आजचा हेडसेट घ्या. सेकंदाला ९० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला साधारण ११ मिलिसेकंद, तेही दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं. डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा उशीर २० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा, असं या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानतात. उशीर वाढला की कान सांगतात ‘डोकं हललं’ आणि डोळे सांगतात ‘जग हललं नाही’. मग मळमळ, गरगर. सिनेमा बघून कधीकधी कंटाळा येतो. पण चित्र उशिरा आलं म्हणून शरीर असं उलटतं ते व्हीआरमध्ये, कारण इथे शरीर हाच रिमोट असतो.

नाव व्हर्च्युअल, काम वेगळं

पुढचा इतिहास पटकन सांगते. १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर आणि त्याच्या व्हीपीएल रिसर्च कंपनीमुळे ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हे नाव लोकांत पसरलं. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या क्रूझ-नीरा, सँडिन आणि डीफँटी यांनी ‘केव्ह’ मांडलं: एक खोली, भिंतींवर आणि जमिनीवर चित्रं, डोळ्यांवर हलका चष्मा आणि डोक्याची जागा मोजणारा सेन्सर. हेडसेट नाही, तरी कसोटी पास. (फक्त एक अडचण: सेन्सर ज्याच्या डोक्यावर, त्याच्याच नजरेने चित्र बदलतं. शेजारी उभ्या असलेल्याला त्याचंच चित्र बघावं लागतं.)

उलट उदाहरण १९९५ चं. निन्टेन्डोने ‘व्हर्च्युअल बॉय’ विकायला काढला. नावात व्हर्च्युअल, आत डोळे घालून बघायचं, खोलीही दिसायची. पण डोकं मोजायची सोयच नव्हती. चित्र बटणांनी हलायचं. म्हणजे हेडसेट ही काही ओळख नव्हे. २०१२ मध्ये ऑक्युलसने किकस्टार्टरवर पैसे उभे केले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी घेतली, आणि हेडसेट विद्यापीठांच्या आवाक्यात आले. आज तुमच्या सिनॉप्सिसमध्ये व्हीआर आलंय ते या लाटेमुळे.

आता सगळी माध्यमं कसोटीवर ओळीने लावू:

- ॲनिमेशन, सिनेमा: चित्र आधीच तयार. तुमच्या हालचालीने काहीच बदलत नाही.
- त्रिमित सिनेमा: खोली दिसते, पण वाकून खांबामागे बघता येत नाही.
- तारांगण (आपलं नागपूरचं रमण विज्ञान केंद्र आठवा): आकाश डोक्यावर वेढून येतं, मान वळवता येते, पण सगळ्यांसाठी एकच आकाश.
- मोबाइल किंवा पीसी गेम: चित्र आत्ता तयार होतंय, पण बोटांच्या हुकमाने. तुम्ही खुर्चीत झुकलात तर गेमला कळतही नाही.
- ३६० अंश व्हिडिओ: अर्धा पास. मान वळवली तर बाजू बदलते, पण पाऊल सरकलं तर काहीच नाही. कॅमेरा जिथे ठेवला होता तिथेच तुम्हाला खिळवून ठेवलेलं असतं.
- व्हीआर: चित्र आत्ता तयार होतंय, आणि तुमच्या डोक्याच्या जागेप्रमाणे.

आता पुन्हा खाणीत

भूमिगत खाणीत मायनिंग सरदार काम सुरू होण्याआधी छत तपासतो. दांड्याने छत ठोकून बघायचं. घट्ट छताचा आवाज खणखणीत येतो, थर सुटला असेल तर बद्द, पोकळ. सोबत नजर फिरवायची: भेग कुठे आहे, खांबाची कड सुटलीय का, आधार जागेवर आहेत का.

हेच फिल्ममध्ये दाखवलं तर काय होतं? कॅमेरा भेगेवर जातो. प्रशिक्षणार्थी भेग बघतो. परीक्षेत विचारलं, ‘भेग कशी दिसते?’ तर बरोबर उत्तर देतो. पण खाणीत भेग दाखवायला कॅमेरामन नसतो. तिथे मान वळवायची आठवण स्वतःला व्हावी लागते. फिल्म भेग ओळखायला शिकवते. भेग शोधायची सवय लागलीय की नाही, हे फिल्मला कळूच शकत नाही.

३६० अंश व्हिडिओत मान वळवता येते, ही सुधारणा आहे. पण खांबाच्या आड डोकावता येत नाही, वाकून कड बघता येत नाही. आणि खाणीतला धोका बहुतेकदा आडच असतो.

व्हीआरमध्ये कॅप लॅम्पची परिस्थिती जशीच्या तशी उभी करता येते, कारण दोन्हींचा नियम एकच: डोकं जिकडे, चित्र तिकडे. शिवाय यंत्राला डोक्याची जागा मोजावीच लागते, नाहीतर चित्रच काढता येणार नाही. त्यामुळे प्रशिक्षणार्थीने कुठे बघितलंच नाही याची नोंद आपोआप राहते. संशोधक म्हणून हे सोनं आहे. दुसऱ्या कुठल्या माध्यमात यासाठी वेगळी साधनं लावावी लागतात, इथे ते माध्यमाच्या कामाचाच भाग आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट लिहा. दांड्याच्या ठोक्याचा हाताला बसणारा झटका, कोंदट हवा, कोळशाची धूळ, पायाखालचा चिखल, आठ तासांचा थकवा हे हेडसेटमध्ये येत नाही. आणि आत चूक झाली तर छत पडत नाही, हे प्रशिक्षणार्थीला पक्कं माहीत असतं. त्यामुळे व्हीआर झालं म्हणून अनुभवी सरदाराबरोबरचा खाणीतला प्रत्यक्ष काळ कमी करा, असा निष्कर्ष कुणी काढला तर पुरावा मागा.

न्यू साउथ वेल्समध्ये कोळसा खाणींच्या प्रशिक्षणासाठी भोवताली गोल पडदा असलेली थिएटरं वापरतात. गटाने एकत्र निर्णय घ्यायला ती उपयोगी आहेत, पण ‘डोकावणं’ तिथे प्रत्येकाला वेगळं मिळत नाही. त्यालाही व्हीआरच म्हणतात. म्हणून एखाद्या पेपरमध्ये ‘व्हीआरने प्रशिक्षण सुधारलं’ असं वाचलंत की आधी बघा, तिथे व्हीआर म्हणजे नेमकं काय होतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

- व्याख्या यंत्राच्या नावाने करू नका. जोनाथन स्टॉयरने १९९२ मध्येच हे सांगितलं होतं: व्हीआरची ओळख हेडसेट-हातमोज्यांच्या यादीने न करता अनुभवाने करा. त्याने दोन अक्ष दिले, चित्रणाची समृद्धी आणि प्रतिसाद. सेन्सोरामा पहिल्या अक्षावर वर आणि दुसऱ्यावर शून्याजवळ. सदरलंडचं यंत्र बरोबर उलट.
- दोन शब्द वेगळे ठेवा. मेल स्लेटर आणि त्याचे सहकारी ‘इमर्शन’ आणि ‘प्रेझेन्स’ यांत फरक करतात. पहिलं यंत्राबद्दल आहे, मोजता येतं: उशीर किती, दृष्टिक्षेत्र किती, डोक्याची फिरकी मोजतं की जागाही. दुसरं माणसाबद्दल आहे: ‘मी तिथे आहे’ असं त्याला वाटलं का. दोन्हींसाठी साधनं वेगळी लागतात.
- तुलना योग्य लावा. व्हीआर गट विरुद्ध फळा-खडू गट असा प्रयोग केला तर फरक नवलाईमुळे पडला की माध्यमामुळे, हे कळणार नाही. तीच खाण, तीच भेग, एका गटाला सपाट पडद्यावर आणि दुसऱ्याला हेडसेटमध्ये द्या.
- मळमळ मोजा. केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ ची सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली अजूनही वापरात आहे. चक्कर येणारे मध्येच उठून गेले आणि तुम्ही त्यांना आकडेवारीतून वगळलं, तर निकाल आपोआप छान दिसतो.
- मराठीत लिहिणार असाल तर ‘आभासी वास्तव’ हा शब्द पहिल्याच प्रकरणात बांधून घ्या. आभासी वर्ग आणि आभासी चलन यांच्यापासून तो वेगळा काढा. त्यासाठी आरशाचं उदाहरण खुशाल वापरा, ते शाळेच्या पुस्तकातलंच आहे.

एक काम आजच करा. तुमच्या विषयातले व्हीआरवरचे पाच पेपर काढा आणि प्रत्येकासमोर ते दोन प्रश्न लिहा: चित्र आत्ता तयार होतं का, आणि डोकं सरकलं तर बदलतं का. ज्यांत उत्तर सापडणारच नाही, त्यांचाही वेगळा रकाना करा. वाङ्मय आढाव्यातली तुमची पहिली संशोधन-फट बहुधा त्याच रकान्यात मिळेल.

भेटू पुढच्या लेखात. तोवर शुभेच्छा!